हरित रोजगाराला भविष्य निर्वाह निधी का नसावा?

संपादक महोदय,

खाणपट्ट्यातील तरुणांनी खाणींचा नाद सोडून हरित रोजगाराची कास धरावी, हा आपल्या कालच्या अग्रलेखातील उपदेश वाचला. हेतू चांगलाच असणार; मात्र तो वाचताना गोव्याच्या डिचोली-सत्तरी या खाण तालुक्यांत पर्यावरणवाले आणि ट्रकवाले असे दोन वेगळे समाज नांदतात, असा आपला समज झालेला दिसतो. पावसात डंपवरची, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ ढिगाऱ्यावरची, माती ज्यांच्या शेतात उतरली, त्यांतल्या अनेकांच्याच अंगणात बँकेच्या कर्जाचा टिप्पर उभा होता. सर्वोच्च न्यायालयाने 7 फेब्रुवारी 2018 रोजी गोव्यातील 88 खाण-लीजांचे (खाणपट्ट्यांच्या भाडेकरारांचे) नूतनीकरण रद्द केले, तो निकाल योग्यच होता असे मी तेव्हाही म्हणत होतो आणि त्यासाठी घरात बोलणीही खाल्ली, कारण माझा मुलगा टिप्परवर चालक होता.

त्याच मुलाने पुढे आपल्यासारख्या सुज्ञांचे ऐकून सौर पॅनेल बसवण्याचे प्रशिक्षण घेतले. समारंभपूर्वक प्रमाणपत्र मिळाले, पुष्पगुच्छही मिळाला. आज तो एका ठेकेदाराकडे रोजंदारीवर राबतो. जून उजाडला की काम बंद आणि मजुरीही बंद. गेल्या मे महिन्यात कमरेला पट्टा नसताना तापलेल्या पत्र्यावरून घसरून त्याचे मनगट मोडले. ठेकेदाराने प्लास्टरचा खर्च दिला नाहीच, पण दुसऱ्याच दिवशी त्याच्या जागी नवा मुलगा छपरावर चढवला. विमा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, नेमणुकीचा कागद नाही. खाणीवर धूळ खाल्ली तरी पगाराची तारीख ठरलेली असे, हे आता त्याने मला ऐकवले, तर मी कोणत्या तोंडाने उत्तर द्यावे?

घराच्या छपरावर सौर पॅनेल बसवण्यासाठीच्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत छपराच्या मालकाला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळते, याबद्दल तक्रार नाही. परंतु ज्या कामावर सरकारचा एवढा पैसा खर्च होतो, त्या कामावरील मजुराला किमान वेतन, विमा आणि भविष्य निर्वाह निधी दिल्याचा पुरावा सादर केल्याशिवाय ठेकेदाराचे बिल चुकते होणार नाही, ही अट घालणे इतके अवघड आहे का? जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी तर खाणबाधितांसाठीच आहे. प्रशिक्षणाच्या आणि पावसाळ्यातील बेकारीच्या काळात त्यातून निर्वाहभत्ता द्यावा, ही मागणी आपल्या अग्रलेखात एका ओळीनेही का आली नाही?

जाता जाता आणखी एक. याच विषयावरचे माझे मागील पत्र आपण छापलेत, त्याबद्दल आभार. मात्र त्यातील ठेकेदारांविषयीचा मजकूर नेमका जागेअभावी गळाला आणि शेजारच्या पानावर सौर पॅनेलची पानभर जाहिरात झळकली. या खेपेस जागा अपुरी पडलीच, तर पहिला परिच्छेद कापावा, दुसरा ठेवावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, डिचोली