तिथे आपली माणसे किती?

विनिपेग, कॅनडा,
९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मी खुशाल आहे. जेवणखाण, भाडे, ड्यूटी यांविषयी रविवारच्या फोनवर बोलणे होतेच, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही. मात्र ‘एवढ्या लांब आपली माणसे तरी किती आहेत?’ असे बाबांनी विचारले तेव्हा मला नीट सांगता आले नाही आणि पुढे आईचा आवाज उतरला, म्हणून सविस्तर लिहितो.

बाबा, तुम्ही आयुष्यभर भूगोल शिकवलात, तेव्हा आधी आकडे. २०२१ च्या जनगणनेत विनिपेग शहराची लोकसंख्या ७,४९,६०७ होती आणि हेडिंग्ली, स्प्रिंगफील्ड, ईस्ट सेंट पॉल अशी आसपासची वस्ती धरून महानगर परिसराची ८,३४,६७८. म्हणजे २०११ साली आपल्या एकट्या सोलापुरात होती त्याहूनही कमी. तरी मॅनिटोबा प्रांतातील निम्म्याहून अधिक माणसे याच परिसरात राहतात, आणि बाहेर पडले की क्षितिजापर्यंत गहू व कॅनोला या तेलबियांची सपाट शेते. मराठी घरे मोजकीच आहेत, हे मी लपवत नाही. दिवाळीला त्यांतल्याच एका घरी फराळाला गेलो होतो.

पण मी एकटा पडलेलो नाही. मी ज्या वृद्धाश्रमात काम करतो (आणि बाबा, ते काम हलके नाही, एवढे माझे ऐका) तिथे एकाच मजल्यावर शहराच्या नॉर्थ एंड भागात वाढलेल्या युक्रेनियन आजी आहेत, इथल्या मूळ रहिवाशांपैकी एक क्री आजी आहेत, आणि ‘मी विनिपेगचा नव्हे, सेंट बोनिफेसचा’ असे आजही बजावून सांगणारे फ्रेंचभाषक आजोबा आहेत. त्यांचे ते स्वतंत्र शहर १९७२ मध्ये विनिपेगमध्ये विलीन झाले, पण त्यांच्या मनाने ते मान्य केलेले नाही. माझ्या सोबतच्या बहुतेक जणी फिलिपिनो आहेत. या परिसरात दर दहा माणसांमागे जवळपास एक फिलिपिनो आहे. पन्नासेक वर्षांपूर्वी इथल्या कपड्यांच्या कारखान्यांत शिवणकामासाठी त्यांच्यातल्या कित्येक जणी आल्या, हे ऐकले तेव्हा मला आपल्या पूर्व भागातले पद्मशाली विणकर आठवले. तेही कापडापायीच सोलापूरला आले आणि सोलापूरचे झाले.

ज्यांची ही मूळ भूमी, ते क्री, अनिशिनाबे, मेती असे आदिवासी समाजांचे लोक या परिसरात १ लाखाहून अधिक आहेत. कॅनडाच्या दुसऱ्या कोणत्याही महानगरात इतके नाहीत. प्रांताचे प्रमुख वॅब किन्यू २०२३ पासून त्यांच्यातलेच आहेत. नॉर्थ एंड धोक्याचा आहे असे काकांनी कुठे तरी वाचले म्हणे. तिथे गरिबी आहे, ती पाहून मन खट्टू होते, पण माणसांना घाबरावे असे मला कधी वाटले नाही.

एक प्रथा मात्र मला अजून पुरती पचलेली नाही. इथे लग्नाआधी ‘सोशल’ करतात. हा साखरपुडा नव्हे, केळवणही नव्हे. वधू-वर एखादा हॉल भाड्याने घेतात आणि कार्यक्रमाची तिकिटे विकतात. तिकीट कोणीही घ्यावे, ओळख असो वा नसो. तिथे गाणी आणि नाच असतो आणि टेबलांवर बक्षिसांच्या टोपल्या मांडलेल्या असतात. माझ्या सहकारी बाईंच्या मुलीच्या सोशलला मी गेलो, तेव्हा एका मुलाने कुपनांची पट्टी माझ्या बोटांपासून खांद्यापर्यंत ताणून मोजली आणि फाडून दिली. आवडेल त्या टोपलीपुढच्या पिशवीत कुपन टाकायचे, मग सोडत निघते. रात्री अकराच्या सुमारास राय धान्याचा काळसर ब्रेड, मांसाचे थंड काप, चीज आणि लोणच्यातली काकडी मांडली गेली. मी ब्रेड आणि काकडी खाल्ली. उरलेले पैसे लग्नाला. आई, लग्नासाठी पैसे मागायचे म्हणजे लाज, असे तुला वाटेल, मलाही वाटले. पण त्या हॉलमध्ये फिलिपिनो, युक्रेनियन, पंजाबी, मेती सगळे एका फेरात नाचत होते आणि मुलीचे वडील दारात उभे राहून प्रत्येकाचे हात हातात घेत होते. तो आहेरच होता, फक्त लग्नाआधी दिलेला.

त्या रात्री मनूची आणि फेब्रुवारीतल्या तिच्या लग्नाची फार आठवण झाली. दीड लाख रुपये बाबांच्या खात्यावर पाठवले आहेत, त्यांतून कार्यालयाचे भाडे भागवावे. फेब्रुवारीत मला रजा मिळत नाही, आणि विमानभाड्याचा विचार केला तर तेवढ्या पैशांत जेवणावळ निघते. हे फोनवर बोलायला जीभ रेटली नाही, म्हणून लिहितो: मी लग्नाला येऊ शकत नाही. मनूला आईनेच सांगावे, मी नंतर बोलेन. माझ्यासाठी स्थळे पाहण्याची घाई नको. इथल्या कायम वास्तव्याचे कागद होऊ द्या.

लाह्या द्यायला आणि कानपिळीला भाऊ म्हणून माझ्या जागी मामांच्या संतोषला उभे करा. त्याला सांगा, कान जोरात पिळ, आणि मानाचा पोशाख त्यालाच ठेवू दे.

आपला,
सुहास