वुडनची पहिली सोळा वर्षं

प्रिय स्वाती,

सप्रेम नमस्कार.

कॉलेजच्या टीमची हेड कोच झालीस, फार आनंद झाला. मनापासून अभिनंदन. तू विचारलंयस की बास्केटबॉलमध्ये जो तो जॉन वुडन या अमेरिकन कोचचं नाव घेतो, तर त्याच्याकडून नेमकं घ्यायचं काय? फोनवर हे बोलून संपलं नसतं, म्हणून पत्र लिहायला बसले.

वुडन म्हटलं की लोक शेवटाकडून सुरुवात करतात. १९६४ ते १९७५ या बारा हंगामांत लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाला एनसीएएची (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) दहा राष्ट्रीय विजेतेपदं, त्यांतली सात लागोपाठ, मधे सलग ८८ सामने जिंकलेले. आकडे खरेच आहेत, पण तुझ्या कामाचे नाहीत. त्याचा सात फुटांहून उंच खेळाडू ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने गाजलेला, काही तुझ्या कॉलेजात ॲडमिशन घेणार नाही. तू बघ ती १९४८ ते १९६३ ही वर्षं. हा माणूस तिथे १९४८ साली आला आणि पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं ते सोळाव्या हंगामात. आजच्या अमेरिकेत एखाद्या मोठ्या विद्यापीठाने एवढा दम धरला असता का, शंकाच आहे.

त्याआधीची वाट थोडक्यात सांगते. इंडियाना राज्यातल्या शेतकऱ्याचा हा मुलगा, जन्म १९१०चा. पर्ड्यू विद्यापीठात स्वतः नावाजलेला गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारा खेळाडू. तिथला त्याचा कोच वॉर्ड लॅम्बर्ट फास्ट ब्रेक (चेंडू मिळताच झपाट्याने हल्ला) आणि दमसासावर भर देणारा होता, आणि ती छाप शेवटपर्यंत टिकली. १९३२ला पदवी घेऊन केंटकीतल्या डेटनच्या हायस्कूलमध्ये लागला. तिथल्या पहिल्या वर्षी सहा सामने जिंकले, अकरा हरले! पुढे साउथ बेंडला नऊ वर्षं इंग्रजी शिकवत कोचिंग केलं, मग युद्धकाळात नौदल, मग दोन वर्षं इंडियाना स्टेटमध्ये. तिथे १९४७ साली राष्ट्रीय स्पर्धेचं आमंत्रण आलं, पण कृष्णवर्णीय खेळाडूंना त्या स्पर्धेत बंदी होती. टीममध्ये क्लॅरेन्स वॉकर होता, आणि तो फार मिनिटं खेळायचाही नाही. वुडनने आमंत्रण नाकारलं. पुढच्या वर्षी नियम बदलला, तेव्हा वॉकरला घेऊनच गेला आणि फायनलपर्यंत पोचला.

यूसीएलएत सुविधांची बोंबच होती. जिम तिसऱ्या मजल्यावर, हवा खेळती नाही, आणि त्याच हॉलमध्ये कुस्तीवाले आणि जिम्नॅस्ट यांचाही सराव. सरावाआधी वुडन स्वतः, बरोबर विद्यार्थी मॅनेजर, झाडू-पोछा घेऊन कोर्ट पुसायचे, कारण जिम्नॅस्टांच्या हाताची पावडर फरशीवर पडलेली असायची आणि त्यावरून पाय घसरायचा. पगार पुरेना म्हणून सुरुवातीची काही वर्षं सकाळी दुधाच्या डेअरीत गाड्यांच्या फेऱ्या लावून द्यायचं काम करायचा आणि दुपारी कोर्टवर यायचा. दोन वर्षांत पर्ड्यूने परत बोलावलं तेव्हा जायचं मनात होतं. पण तीन वर्षांच्या कराराचा आग्रह त्यानेच धरला होता, आणि विद्यापीठाने त्याची आठवण करून दिली. राहिला. पुढे १९५५ला अग्निशमन खात्याने त्या जिममधली प्रेक्षकसंख्या कमी करायला लावली, तेव्हा ‘घरचे’ सामनेसुद्धा गावभर दुसऱ्यांच्या हॉलमध्ये खेळावे लागले. स्वतःचं मोठं स्टेडियम, पॉली पॅव्हिलियन, मिळालं १९६५मध्ये, म्हणजे दोन विजेतेपदं झाल्यावर. तुमच्या सिमेंटच्या कोर्टबद्दलची तुझी तक्रार रास्त आहे, पण चांगलं कोर्ट मिळेतोवर टीम थांबवू नकोस.

आता मुद्द्याचं. सराव.

सराव दोन तासांचा आणि त्याच्या आखणीसाठी सहाय्यकांबरोबर सकाळी जवळजवळ तेवढाच वेळ, हे त्याचं गणित. सगळं ३ बाय ५ इंचांच्या कार्डावर उतरायचं: कुठला ड्रिल, किती मिनिटं, कोण कोणाबरोबर, कुठल्या बास्केटवर किती चेंडू. एक ड्रिल पाच ते दहा मिनिटं, क्वचित जास्त. वेळ झाली की ड्रिल बंद, जमलेला असो वा नसो. उरलेलं उद्याच्या कार्डावर. नवीन गोष्ट नेहमी सुरुवातीला, डोकं ताजं असताना. आपल्याकडे नेमकं उलट होतं. आधी तासभर पळवायचं आणि मुली दमल्या की नवीन प्ले (ठरवलेली चाल) फळ्यावर काढायचा. मग दुसऱ्या दिवशी कोणाला काही आठवत नाही आणि आपण म्हणतो, लक्ष नाही यांचं. संपलेली कार्डं तो फेकत नसे. वहीत नोंद करून ठेवायचा, त्यामुळे गेल्या वर्षी याच आठवड्यात आपण कुठे होतो ते पाहता यायचं.

त्याच्या शेवटच्या, म्हणजे १९७४-७५च्या हंगामात थार्प आणि गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी पंधरा सरावांना बसून त्याची २,३२६ वाक्यं आणि कृती मोजल्या. त्यातल्या साधारण ७५ टक्के निव्वळ माहितीच्या निघाल्या: हे असं कर, पाय इथे ठेव, पास छातीशी दे. शाबासकी ६.९ टक्के, नाराजी ६.६ टक्के. भाषण जवळपास नाहीच. चूक दिसली की तो खेळ थांबवायचा, आधी बरोबर कसं ते करून दाखवायचा, मग खेळाडूने केलं तसं चुकीचं, मग पुन्हा बरोबर. या सगळ्याला पाचएक सेकंद. खेळ लगेच सुरू. तू हे उद्यापासून करू शकतेस. मात्र दोन बरोबरच्या मधे चूक बसवायला विसरू नकोस. नुसतं बरोबर दाखवलं तर आपलं काय चुकतंय ते मुलीला कळतच नाही.

पहिल्याच दिवशी तो मोजे आणि बूट घालायला शिकवायचा. मोठमोठे स्टार खेळाडू आ वासून बघायचे. मोजा ओढून घ्यायचा आणि हाताने चाचपून बघायचा, विशेषतः करंगळीपाशी आणि टाचेपाशी, चुणी राहिली नाही ना. मग मोजा वरून ताणून धरायचा आणि तसाच पाय बुटात घालायचा. लेस वरून एकदम खेचायची नाही. खालच्या भोकापासून एकेक जोडी आवळत वर यायचं आणि शेवटी दुहेरी गाठ. चुणी राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. बरेच खेळाडू बूट एक साइज मोठा वापरतात, आणि अचानक थांबताना पाय आत सरकतो. तुझ्याकडे ‘वाढत्या पायाला’ म्हणून मोठे घेतलेले बूट नक्की सापडतील. पाय संध्याकाळी, मोजा घालून, उभं राहून मोजायचा.

एवढं सगळं करूनही विजेतेपद येईना. १९५९-६०ला तर १४ विजय, १२ पराभव. दर उन्हाळ्यात तो खेळाचा एकच विषय घ्यायचा, एक वर्षी फ्री थ्रो, एक वर्षी रिबाउंड, आणि त्यावर मिळेल ते वाचायचा, दुसऱ्या कोचना विचारायचा. याच काळात त्याने सगळ्यांना सारखी मिनिटं वाटायचं बंद केलं आणि सात-आठ जणांची पक्की फळी ठरवली. बाकीच्यांना नीट सांगायचं की तुमचं काम या आठ जणांना घडवण्याचं आहे. हे ऐकायला कटू आहे, पण न सांगता बेंचवर बसवणं त्याहून वाईट.

आणि मग प्रेस, म्हणजे समोरच्यांना त्यांच्याच अर्ध्यापासून गाठून दबाव टाकणारा बचाव. सहाय्यक जेरी नॉर्मनने १९६३-६४साठी फुल कोर्टवर २-२-१ झोन प्रेसचा आग्रह धरला. त्या टीमच्या पहिल्या पाचांत ६ फूट ५ इंचांवर कोणी नव्हतं. त्या वेळी कॉलेजात शॉट क्लॉक, म्हणजे शॉट घ्यायची वेळमर्यादा, नव्हता, चेंडू हवा तितका वेळ धरून ठेवता यायचा आणि उंच, संथ टीमला ते सोयीचं होतं. प्रेसचा पहिला हेतू चेंडू पळवणं नव्हताच, समोरच्याला घाईत खेळायला लावणं हा होता. ती टीम तीसच्या तीस सामने जिंकली. फायनलला पूर्वार्धात ड्यूक विद्यापीठाविरुद्ध अडीचेक मिनिटांत सलग सोळा गुण झाले आणि निकाल लागला ९८-८३.

मांडणी अशी. पुढे दोघी, मधे दोघी, मागे एकटी. बेसलाइनवरचा (कोर्टच्या टोकाच्या रेषेवरून आत येणारा) पास पुढच्या दोघी अडवत नाहीत, तो आत येऊ देतात. मग ज्या बाजूला चेंडू, तिकडची पुढची खेळाडू ड्रिबलरला मधून जाऊ न देता साइडलाइनकडे ढकलत नेते. मध्यरेषेपाशी त्याच बाजूची दुसऱ्या फळीतली समोरून येते आणि दोघी मिळून कोंडी करतात, हात वर, पाय जवळ. पुढची उरलेली मधली जागा धरते. मागची एकटी साइडलाइनलगतचा सरळ पास वाचते, आणि दुसऱ्या फळीतली उरलेली मागे बास्केटकडे धावते. मोकळा राहतो तो फक्त कोर्टच्या पलीकडे जाणारा उंच पास. तो हवेत जास्त वेळ राहतो, तिथेच आपला चेंडू. बिघडतं ते तीन ठिकाणी: कोंडीतल्या मुली चेंडूवर हात मारतात आणि फाउल होतो, मधली जागा धरायला कोणी परतत नाही, आणि मागची एकटी मोहाने पुढे येते, मग समोर फुकटचा ले-अप (बास्केटजवळचा सोपा शॉट). वुडनकडे मागे कीथ एरिक्सन होता, उडी दांडगी आणि अंदाज अचूक. ती जागा तुझ्या सगळ्यात शहाण्या मुलीला दे, सगळ्यात उंच मुलीला नव्हे. तुमच्या फीबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटना) नियमांत शॉट क्लॉक २४ सेकंदांचा आणि मध्यरेषा ओलांडायला आठच सेकंद. म्हणजे चेंडू नाही मिळाला तरी समोरच्यांचे सहा-सात सेकंद गेले, तेही प्रेसचंच काम.

त्याचंही चुकायचं, हे मुद्दाम लिहिते. टाइमआउट घेणं त्याला कमीपणाचं वाटायचं. आपली तयारी जास्त, समोरचेच आधी थकतील, हा भरवसा. १९ जानेवारी १९७४ला नोटर डेम विद्यापीठाविरुद्ध तीन-साडेतीन मिनिटं उरली असताना ७०-५९ अशी आघाडी होती. पुढचे बाराच्या बारा गुण समोरच्यांचे, ७१-७०, आणि ८८ विजयांची मालिका तिथे संपली. टाइमआउट त्याने अगदी शेवटपर्यंत घेतला नव्हता. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याचे सलग सहा गुण झाले की टाइमआउट, असा नियमच करून ठेव. तत्त्वाबित्त्वाचा विचार नंतर. आणखी एक डाग आहे. सॅम गिल्बर्ट नावाचा धनिक चाहता खेळाडूंना मदत करत असे, आणि १९८१ला एनसीएएने विद्यापीठाला त्याच्याशी संबंध तोडायला लावलं. तोवर वुडन निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण त्याच्याच काळात या माणसाची ये-जा होती आणि त्याने तिकडे पुरेसं पाहिलं नाही, असं माझं मत. तुझ्या मुलींना कोणी बूट-किट देऊ केलं तर ते कॉलेजच्या नावाने, पावती करून घे.

त्याच्या जागी आलेल्या जीन बार्टोने दोन हंगामांत ५२ विजय मिळवले, पराभव फक्त नऊ, तरी टीका सोसेना म्हणून सोडून गेला. तू सुदैवी आहेस, तुझ्याआधी तिथे कोणी दहा विजेतेपदं जिंकलेली नाहीत. तरी दोन-तीन वर्षांत काय अपेक्षा आहे ते प्राचार्यांकडून आत्ताच लेखी घे.

पहिल्या दोन आठवड्यांत प्रेसला रोज दहा मिनिटांवर वेळ देऊ नकोस, आणि तीही तिघी विरुद्ध दोघी अशी, अर्ध्या कोर्टवर. पहिल्या आठवड्याची कार्डं झाली की फोटो काढून पाठव, मिनिटांची बेरीज तपासून देते.

तुझी,
वैशाली