पडवीतली गाडी माझ्याकडे आहे

फोंडा,
रविवार, रात्री साडेदहा

तीर्थरूप बाबांना आणि आईला साष्टांग नमस्कार.

पडवीतली गाडी चोरीला गेलेली नाही. शेजारच्या काकूंनी पुण्याला फोन केलाच असेल, की दोन माणसं पिकअप घेऊन आली आणि आपली येझदी मोटरसायकल उचलून नेली. त्यातलं एक माणूस मीच होते. डोक्याला रुमाल गुंडाळला होता, म्हणून काकूंनी ओळखलं नाही.

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं. पण बाबा, तुम्ही "बरी आसा न्ही? आवयक दितां" म्हणून फोन आईकडे देऊन मोकळे होता. शिवाय कोकणीत तुम्हाला तू म्हणून हे सांगायला जीभ रेटत नाही. कागद पुढे घेतला की आपण मराठी होतो आणि तुम्ही म्हणतो, तेच या कामाला बरं.

आई, पुढचा थोडा भाग यंत्राचा आहे, तू वगळलास तरी चालेल.

गाडी आणली तेव्हा किक तसूभर हलत नव्हती. पिस्टन आत चिकटला होता. प्लगच्या भोकातून डिझेल आणि ऑइल ओतून आठ दिवस ठेवलं, मग लाकडाच्या ठोकळ्यावर हलक्या हातोडीनं ठोकत ठोकत सुटला. एका सायलेन्सरात कुंभारीण माशीनं मातीची घरं केली होती, सीटखालची सगळी वायर उंदरांनी खाल्ली होती. टाकीत गंजाचे पापुद्रे. बाजारातून माडाचा व्हिनेगर आणला, त्यात मूठभर खडी घालून टाकी दोन दिवस भरून ठेवली आणि येता-जाता हलवली. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुतली, उन्हात वाळवली आणि लगेच आतून ऑइल फिरवलं, नाहीतर आपल्या हवेत संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस झाली असती. घरभर आंबट वास. सासूबाई दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलल्या.

खरा खर्च क्रँकचा. इतकी वर्षं उभी राहिल्यानं सीलचं रबर पापडासारखं कडक झालं होतं. ती सीलं तशीच ठेवून चालू केली असती तर एका बाजूनं गिअरबॉक्सचं ऑइल इंजिनात खेचलं गेलं असतं आणि पांढरा धूर, दुसऱ्या बाजूनं हवा घुसून पिस्टन पुन्हा जाम. म्हणून सगळंच खोललं. क्रँक लेथवाल्याकडे देऊन कनेक्टिंग रॉड नवा बसवून घेतला. म्हैसूरचा कारखाना 1996 लाच बंद झाला, तरी सामान मिळतं. मात्र तीन वॉशर मागवले की दोन येतात आणि एक भलत्याच मापाचा असतो.

आणि बाबा, पिस्टनच्या डोक्यावर 0.50 चा शिक्का निघाला, म्हणजे बोअर करून अर्धा मिलिमीटर मोठा घातलेला. तुम्ही तर कायम सांगायचात की हिला कधी बोअर करावं लागलं नाही! म्हणजे ज्या वर्षी गाडी पंधरा दिवस "नुसत्या सर्व्हिसिंगला" होती, त्या वर्षीच. आईला सांगणार नव्हते. पण तिनं हा भाग वगळलेला नसणार, मी तिला ओळखते.

एअर फिल्टर उघडला तेव्हा आतून लाल धूळ पडली. खाणीची. मी न बघता झटकला आणि ती गॅरेजभर झाली. सासूबाई दारातून म्हणाल्या, "ती तुळशीत टाकू नकोस हां, झाड जळेल." मी झाडू घेऊन तशीच उभी राहिले. 2012 मध्ये 10 सप्टेंबरला खाणी थांबल्या आणि 19 ला गणपतीची चवथ होती. खनिज वाहणाऱ्या टिपरचं काय होणार ते कोणालाच कळत नव्हतं, आणि मी गणपतीवरच्या माटोळीखाली उभी राहून तुम्हाला या गाडीबद्दल जे बोलले ते इथे पुन्हा लिहीत नाही. तुम्ही काही उत्तर दिलं नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडी पडवीत गेली आणि तिच्यावर गोणपाट आलं. आई मला आजवर त्यावरून एक शब्द बोललेली नाही, हे जास्त लागतं.

तेव्हा सव्वीस वर्षांची होते, सगळं कळतं असं वाटायचं.

आता मुद्द्याचं, आणि बाबा, शेवटपर्यंत वाचा. गाडी मी माझ्या नावावर करून घ्यायचं ठरवलं आहे. फॉर्म 29 आणि 30 सोबत ठेवलेत. कारण साधं आहे. 1984 ची गाडी, पंधरा वर्षांनी फेरनोंदणी झाली, मग दर पाच वर्षांनी. शेवटची तुम्ही 2009 मध्ये केलीत, 2014 ला ती संपली. आता पुन्हा करायची तर गाडी तपासायला न्यायची, दंड भरायचा, विमा काढायचा, खिडक्यांपुढे उभं राहायचं. छातीत स्प्रिंग घातलेल्या माणसाला त्यासाठी पुण्याहून बोलावू? तुमच्या नावावर ठेवून मी चालवली आणि कुठे धडकले तर नोटीस तुम्हाला येईल. नंबर बदलत नाही, जुन्या गोवा-दमण-दीवच्या जीडीचा आहे तो जीडीचाच राहील. आणि साखळी गावात नावाचं काय घेऊन बसलात, तिथे मला अजून कोणी माझ्या नावानं ओळखत नाही. तुमची बाय म्हणूनच हाक मारतात.

पैशांचं म्हणाल तर 38 हजार गेले, माझ्या बोनसचे. घरात कोणाच्या तोंडचा घास काढलेला नाही. हे म्हणाले, त्यापेक्षा 2022 पासून नवी येझदी निघाली आहे, ती घे. बघून आले. गाडी चांगली आहे. पण ती फोर-स्ट्रोक, पेट्रोलच्या लिटरला 40 मिली ऑइल मोजून घालायचं ते झाकणच तिला नाही. मला ते झाकण हातात धरायला द्यायचात तुम्ही, आठवतं? हरवळ्याला जाताना मी टाकीवर बसायचे, दोन्ही हात हँडलच्या मध्ये, आणि घाटी उतरताना झोप लागायची. तुमची हनुवटी माझ्या डोक्यावर टेकलेली असायची. परवा टाकी मांडीवर घेऊन घासत होते तर तसाच ऊबदार पत्रा लागला. उन्हामुळेच, पण लागला.

घराची काळजी करू नका. दर शनिवारी जाते. तुळशीपाशी दिवा काकू लावतात, तेल मी भरून ठेवते. आबोलीला पाणी आहे. मागच्या खोलीवरची सात कौलं फुटली होती, ती पावसाआधी बदलून घेतली, आणि माडाच्या झावळ्या काढून घेतल्या. मानकुराद आंब्याला यंदा कमी धरले, जे आले त्यातले बरेचसे माकडांचे. उरलेले तुमच्याकडे येतायत. रात्रीच्या बसनं एक पिशवी पाठवतेय: दहा किलो उकडे तांदूळ, सोलं, आणि पोदेराचे पाव. पाव दुसऱ्या दिवशी वातड होतील, आईनं तव्यावर किंचित पाणी शिंपडून गरम करावेत. वहिनीला नावं ठेवू नका, तिला उकड्याची पेज जमत नसेल तर शिकवा. तिला शिकायचं आहे, मला फोनवर विचारत होती.

बाबा, रक्त पातळ करायची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही दिवस चुकवायची नाही. बरं वाटतंय म्हणून मुळीच नाही. लोणचं बंद म्हणजे बंद, आईच्या ताटातलंही. संध्याकाळी अर्धा तास चालायचं आणि बरोबर कोणीतरी असलं पाहिजे. आई, गुडघा दुखतो तर जिन्यानं का जातेस? लिफ्टमध्ये अडकशील म्हणून भीती वाटते, हे दादानं सांगितलं. लिफ्टमध्ये घंटी असते, लाल, ती दाबायची. एकदा दादाबरोबर दाबून बघ.

मागच्या गुरुवारी गाडी चालू झाली. चौथ्या किकला. किक तुम्ही मारायची नाही, हे आत्ताच सांगून ठेवते, येझदीची उलट किक पायावर बसली तर काय होतं ते तुम्हीच मला सांगितलं आहे. चवथीला याल तेव्हा चालू करून अंगणात उभी ठेवीन. ठिणगीच्या पॉइंटचा गॅप तुम्ही बघा, माझ्या हातून एकदा बरोबर लागतो आणि एकदा नाही, आवाज ऐकून तुम्हाला लगेच कळेल. सांगायला संकोच वाटतो, पण त्या कामाला मला तुमचा कान हवाच आहे.

आरसी बुक पत्र्याच्या पेटीत मिळालं, त्याच्या आत आईच्या बाळंतपणाची एक चिठ्ठी होती, ती परत तिथेच ठेवली.

फॉर्मवर पेन्सिलीनं खुणा केल्यात तिथेच सह्या करा. चष्मा लावून, घाई न करता, 1984 ची करायचात तशी, "र"ची शेपटी लांब. मागच्या वेळी बँकेत जुळली नव्हती.

तुमची,
बाय