गिझरच्या बोर्डात खरखर होतेय का, एकदा ऐकून बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

उन्हाळा लागला की आपल्या पेपरात दोन-चार दिवसाआड एक बातमी असतेच, अमुक गावात शॉर्टसर्किटने घराला आग, संसारोपयोगी साहित्य जळून खाक. बातमी चार ओळींची, आणि कारण म्हणून "शॉर्टसर्किट" हा एकच शब्द, पुढे काही नाही. मी अमळनेरची गृहिणी आहे. यंदा जानेवारीत आमच्याही घराची अशीच बातमी झाली असती, ती झाली नाही याचं कारण माझा हॅम रेडिओ आहे, म्हणून हे पत्र लिहितेय. पत्र लांबेल पण कृपा करून कापू नका.

हॅम रेडिओ म्हणजे स्वतःच्या घरातून स्वतःच्या वायरलेस सेटवर दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या देशातल्या माणसांशी बोलायचं. मध्ये मोबाईल टॉवर नाही, इंटरनेट नाही, फक्त तुमच्या अँटेनाची तार आणि त्यांच्या अँटेनाची तार. बिनपरवाना करता येत नाही, केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते, १२ वर्षं पूर्ण झालेलं मूल पण देऊ शकतं, आणि पास झालं की प्रत्येकाला वेगळं कॉल साइन, म्हणजे हवेतलं ओळखीचं नाव मिळतं, आपल्या देशात बहुतेकांचं "व्हीयू"ने सुरू होतं. १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, २००१ ला भूजचा झाला, तेव्हा फोन बंद पडले होते आणि असे हॅम लोक आपापले सेट घेऊन तिथे निरोप पोचवत होते. धंद्याचं, राजकारणाचं बोलायला बंदी आहे त्यामुळे गप्पा साध्या असतात, तुझ्याकडे माझा आवाज कसा येतो, अँटेना कोणती, पाऊस पडला का.

मला हे वडिलांमुळे लागलं. ते भुसावळला रेल्वेत तारबाबू होते, जेवताना ताटाच्या काठावर चमच्याने मोर्स, म्हणजे तारेची डिट-डाची भाषा वाजवायचे आणि आम्ही भावंडांनी अक्षर ओळखायचं, ओळखलं तर त्यांच्या ताटातला गुळाचा खडा आपल्याला. डा डिट डा डिट, डा डा डिट डा, म्हणजे कोणी आहे का, कोणीही बोला. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली त्या दिवशी ते संध्याकाळभर गप्प होते, आणि मी त्याच आठवड्यात परीक्षेचं पुस्तक मागवलं. परीक्षा नागपूरला जाऊन दिली, माझी मुलगी तेव्हा लहान होती, ती आमच्या ह्यांच्या मांडीवर बाहेर बसलेली होती.

आता घरात रेडिओ म्हणजे घरातल्या सगळ्यांनाच त्याच्यासोबत राहावं लागतं. आमची अँटेना म्हणजे गच्चीवर बांधलेली २० मीटर तांब्याची तार, मधोमध कापलेली आणि तिथून खाली केबल. पहिल्या वर्षी ती मी पाण्याच्या टाकीच्या खांबापासून जिन्यापर्यंत डोक्याएवढ्या उंचीवर बांधली होती. एप्रिल महिना, सासूबाई गच्चीवर बिबड्या घालत होत्या, त्यांना वाटलं सूनबाईने वाळत घालायला नवीन तार बांधली, त्यांनी तिच्यावर दोन ओल्या गोधड्या टाकल्या. खाली सेटचा मीटर एकदम वेडावाकडा झाला म्हणून मी धावत वर गेले. गोधड्यांचं काही नाही, पण मी बोलत असताना त्यांचा हात त्या तारेच्या टोकाला लागला असता तर जोरदार चटका बसला असता, बोलताना टोकाला व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं. त्या दिवशी मला रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्याच दिवशी फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी पाईप आणले आणि तार ३० फुटांवर नेली, आता तिथे कोणाचा हात पोचत नाही.

मग एका श्रावणात शेजारच्या काकूंकडे कानबाई देवी बसली होती. आपल्याकडे रात्रभर जागर असतो, गाणी असतात, त्यांनी भाड्याने मोठे स्पीकर आणलेले, आणि मी माझ्या खोलीत नऊ वाजता हैदराबादच्या एकांशी बोलायला बसले. पाच मिनिटात काकूंचा मुलगा दारात, ताई आमच्या स्पीकरमधून कोणीतरी फाटक्या आवाजात बडबड करून राहिलं. ती बडबड माझीच होती. स्पीकरच्या लांब वायरी माझा सिग्नल पकडत होत्या. मी लगेच सेट बंद केला, कानबाईच्या पाया पडले, काकूंची माफी मागितली. पुढच्या वर्षी जागराच्या आधी स्वतः जाऊन त्या वायरी काळ्या फेराइटच्या (वायरीतला वायरलेस सिग्नल अडवणाऱ्या) रिंगमधून आठ-दहा वेढे देऊन काढल्या, मग मी बोलले तरी तिकडे काही आलं नाही. काकूंनी मला खापरावरची पुरणपोळी दिली. हे एवढ्यासाठी सांगितलं की वायरलेसचा त्रास दुसऱ्याच्या घरात जातो आणि दुसऱ्याच्या घराचा त्रास वायरलेसमध्ये येतो, हे दोन्ही बाजूंनी चालतं, आणि माझी पुढची गोष्ट त्या दुसऱ्या बाजूची आहे.

डिसेंबर संपता संपता माझ्या सेटवर सकाळी खरखर यायला लागली. आधी नव्हती. सहा ते साडेसात, नेमकी त्याच वेळी जेव्हा ४० मीटर बँडवर (हॅम लोकांच्या बोलण्याच्या एका पट्ट्यावर) पुणे, हैदराबाद, बंगलोरकडचे लोक भेटतात. एवढी की समोरचा माणूस काय बोलतोय कळेना. आधी मला वाटलं गल्लीतल्या दुकानाचा नवा एलईडी बोर्ड असेल, मग वाटलं कोणाचा तरी इन्व्हर्टर. पण हॅमचा नियम आहे, आधी स्वतःचं घर तपासायचं. सेट बॅटरीवर लावला, मेन स्विच बंद केला तर खरखर गायब, म्हणजे चोर घरातच. मग एकेक एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातली आपोआप पडणारी बटणं, पाडत गेले. पहिला सापडला देवघरातला दिवसरात्र जळणारा स्वस्तातला एलईडी दिवा. तो काढायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, "देवना दिवा कोणी बंद करस का वो माय?" खरंय त्यांचं, म्हणून दिवा ठेवला आणि त्याच्या वायरीला पण रिंग घातली. अर्धी खरखर गेली. उरलेली अर्धी मात्र वेगळी होती, एकसारखी गुणगुण नव्हती, कडकड करत यायची, थांबायची, परत यायची, जसं काही कोणी कोरडी तुरीची काडी मोडतंय.

तेव्हा मला वडिलांचा जुना सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर आठवला. मीडियम वेव्ह लावलं, जळगाव आकाशवाणी सोडून जिथे कुठलंच स्टेशन नाही अशी रिकामी जागा पकडली, आवाज मोठा केला आणि घरभर हिंडले. फ्रीजजवळ थोडी, मुलीच्या चार्जरजवळ थोडी, आणि बाथरूमच्या बाहेर गिझरचा बोर्ड आहे तिथे ट्रान्झिस्टर अक्षरशः ओरडायला लागला. आमचे हे आत अंघोळीला होते, गिझर चालू होता. मी गिझर बंद केला, ट्रान्झिस्टर शांत. चालू केला, कडकड. तीनदा केलं, तीनदा तेच, आणि आतून हे विचारतायत पाणी का गार येतंय.

वायरमनदादाला लगेच बोलावलं. त्यांनी मेन बंद करून बोर्ड उघडला तर आतला स्क्रू सैल, वायरीचं रबर जळून कोळसा झालेलं, प्लगच्या पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळायला लागलेलं. आणि एक वास, मासळीसारखा. सासूबाई आठ दिवसांपासून म्हणत होत्या, "हाऊ वास कथाईन यी ऱ्हायना?" म्हणजे हा वास कुठून येतोय. आमच्या घरात मासळी शिजत नाही, आम्ही मांजरीला दोष दिला, गटाराला दिला, त्या बोर्डाकडे कोणी बघितलं नाही. तापलेल्या स्विचच्या प्लास्टिकचा वास अगदी तसाच येतो. बोर्डाच्या शेजारीच लाकडी कपाट होतं, त्यात गोधड्या आणि मुलीची पुस्तकं.

मी हे सगळं लिहितेय ते यासाठी की आमच्याकडे एमसीबी होता, वर तो ३० मिलिअँपियरवाला आरसीसीबी पण होता, आणि दोन्हीतलं एकही पडलं नाही. लोकांना वाटतं एमसीबी बसवला म्हणजे झालं, आम्हालाही तसंच वाटत होतं. पण एमसीबी पडतो जास्त करंट गेला तर, आरसीसीबी पडतो करंट बाहेर गळला तर. सैल स्क्रूमध्ये करंट जास्तही जात नाही आणि गळतही नाही, तो बरोबर तेवढाच जातो, फक्त त्या सैल जागेतून जाताना तिला तापवतो. दोन हजार वॅटचा गिझर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपियर घेतो. त्या स्क्रूवर नुसता एक ओहम अडथळा झाला तरी तिथे ७५ वॅटच्या आसपास उष्णता तयार होते, म्हणजे जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब आपण हात लावू शकत नव्हतो त्याच्यापेक्षा जास्त, आणि ती पण बंद बोर्डाच्या आत एका स्क्रूवर. रोज तापतं, रोज थंड होतं, स्क्रू अजून सैल होतो, मग आत बारीक ठिणग्या उडायला लागतात. आपल्या खान्देशात मे महिन्यात भिंतीच मुळात तापलेल्या असतात, आणि जुन्या घरांमध्ये अॅल्युमिनियमची वायर आहे, ती स्क्रूखाली दबत दबत सैल होत जाते.

ठिणगी म्हणजे एक छोटा वायरलेस स्टेशनच असतो. मार्कोनीच्या काळातले पहिले वायरलेस सेट ठिणगीवरच चालायचे. म्हणून बोर्डातली ठिणगी डोळ्याला दिसत नाही, कानाला ऐकू येत नाही पण मीडियम वेव्हच्या रेडिओला ऐकू येते. एफएमवर हे नीट होत नाही, मोबाईलमधल्या रेडिओवर तर नाहीच, त्यासाठी जुना मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टरच पाहिजे, बाजारात अजून मिळतो आणि बऱ्याच घरात माळ्यावर पडलेला असतो. सेल टाका, विजेवर लावू नका. स्टेशन नसलेली जागा पकडा. मग घरातली जड उपकरणं एकेक करून चालू करा, गिझर, इस्त्री, पाण्याची मोटर, एसी, आणि त्या त्या बोर्डापासून हातभर अंतरावर ट्रान्झिस्टर धरा. मिक्सर आणि शिलाई मशीनच्या मोटरची खरखर येणारच, त्यांच्या ब्रशमध्ये ठिणगी असतेच, त्याची काळजी नको. एलईडी, चार्जर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर हे पण आवाज करतात पण त्यांचा आवाज एका सुरात असतो. काळजी करायची ती तुटक, कमीजास्त होणाऱ्या कडकडीची, विशेषतः जी गिझर किंवा इस्त्रीसारखी वस्तू चालू केली की येते आणि बंद केली की जाते, बोर्डावर थाप मारली की बदलते. तशी आली तर वस्तू बंद करा, वायरमनला बोलवा, बोर्ड स्वतः उघडू नका. आणि एक सांगते, रेडिओ गप्प आहे म्हणजे बोर्ड चांगलाच आहे असं नाही, सैल स्क्रू ठिणगी न पाडता पण तापतो. म्हणून वास आला, स्विच गरम लागला, प्लग पिवळा पडला तर रेडिओची वाट बघू नका.

घरातलं सगळं आवरल्यावर फेब्रुवारीत अजून एक खरखर उरली होती, ती आमच्या मेन स्विचने जाईना. ट्रान्झिस्टर घेऊन रस्त्याने चालत गेले तर कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाशी सगळ्यात जास्त. खांबाला कोणी हात लावू नये, मी पण लावला नाही, रस्त्याच्या पलीकडूनच ऐकलं आणि लाइनमनदादांना सांगितलं. त्यांना आधी खरं वाटेना, मग मी ट्रान्झिस्टर त्यांच्याच हातात दिला. दोन दिवसांनी लाइन बंद करून त्यांनी वरचा जंपर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा बघितला, सैल होता, आवळला. त्या रात्री माझा बँड एवढा शांत होता की आमच्या ह्यांना उठवून ऐकवलं.

संपादक साहेब, माझी आपल्याला एवढीच विनंती आहे की शॉर्टसर्किटच्या बातमीखाली कधीतरी ह्या चार ओळी पण छापा, की सैल जोड एमसीबीला कळत नाही. आणि जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शाळांमधल्या विज्ञानाच्या सर-मॅडमना सांगणं आहे की आठवी-नववीच्या मुलांना एकेक ट्रान्झिस्टर देऊन स्वतःचं घर ऐकायला लावा, आयटीआयच्या मुलांना तर लावाच. माझ्या मुलीने मैत्रिणींच्या घरी करून बघितलं, एकीकडे इस्त्रीचा प्लग सापडला, काळा पडलेला. ती आता हॅमच्या परीक्षेचा अभ्यास करतेय, ताटावर चमचा वाजवते, आजोबा असते तर गुळाचा खडा दिला असता.

आमच्या गल्लीतली सात घरं ऐकून झालीत. उरलेल्यांनी सांगितलं तर रविवारी दुपारी, वरण-बट्टी झाली की मी ट्रान्झिस्टर घेऊन येते, गिझर तेवढा चालू ठेवा.

आपली नम्र,
एक वाचक, अमळनेर