इंजिनीअरकाकांच्या शेडसाठी आवाहन

आपल्या शिडाच्या होड्यांच्या क्लबच्या सर्व आजी-माजी सभासद आणि पालकांना सप्रेम नमस्कार.

इंजिनीअरकाका जाऊन सहा महिने होत आले. त्यांची हत्यारांची पेटी क्लबच्या होड्यांच्या शेडमध्ये जागच्या जागी आहे. झाकणाच्या आत पेन्सिलीने लिहिलेली, होडीच्या भेगा बुजवायच्या रेझिन-हार्डनरची मापं अजून वाचता येतात. उभी हयात गोदीत जहाजदुरुस्ती केली आणि रविवार आपल्याला दिले. अॅल्युमिनियमच्या डोलकाठीत स्टीलचा रिव्हेट नुसताच ठोकला, तर खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम झिजतं, हे आज आपली दहा वर्षांची पोरंही सांगतात. ती काकांची शिकवण. 1982 च्या एशियाडमध्ये फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी इथेच, मुंबईच्या पाण्यात, फायरबॉल या दोघांच्या शिडाच्या होडीच्या शर्यतीत सुवर्ण जिंकलं. ते सांगताना काकांचा आवाज दर वेळी भरून यायचा.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ येणार म्हणताच सत्तरी उलटलेले काका आदल्या दिवशी सकाळीच हजर. सगळ्या डोलकाठ्या उतरवल्या, होड्या पालथ्या घालून बांधून घेतल्या. 17 तारखेला एवढा वारा सुटला, पण आपली एकही होडी जागची हलली नाही. कोळीवाड्यातल्या भावांनी तेव्हा स्वतःच्या बोटींचे दोर काढून दिले होते, ते आम्ही विसरलेलो नाही. यजमानांची एन्टरप्राइज होडी शिडांसकट मुलांना देणाऱ्या पारशी बाई, एक पैसा न घेता ट्रॉल्या वेल्ड करून देणारे निवृत्त फिटरमामा, यांच्यामुळेच क्लब उभा आहे.

शोकसभेला शेड भरून लोक बाहेर उभे होते. पुढच्या रविवारी होड्या घासायला आम्ही चौघंच होतो. मनाला लागलं, म्हणून लिहितो.

आता कामाचं. मुलांच्या सहा ऑप्टिमिस्टपैकी (एकेका मुलाने चालवायच्या छोट्या शिडाच्या होड्या) चार होड्यांच्या बुडाला भेगा आहेत. 35 किलोची होडी, पण फटीतून पाणी प्यायली की लहान मुलाला आवरत नाही. दुरुस्ती पावसाळ्यातच उरकावी लागते, आणि शेडचं छप्पर गळतंय. ओलाव्यात रेझिन धरत नाही, म्हणून आधी छप्पर. शेडला काकांचं नाव द्यायचं कार्यकारिणीत ठरलं आहे, पण गळक्या छपराखाली ती पाटी लावायला आमचं मन धजत नाही. नारळी पौर्णिमा तोंडावर आली. दसऱ्याला चारही होड्या पाण्यात हव्यात.

हवं ते असं: छपराचे पत्रे, रेझिन, ग्लास मॅट (रेझिनसोबत लावायची काचतंतूंची चटई), मरीन प्लाय, पॉलिश पेपर. वस्तू द्या किंवा पैसे, रक्कम कितीही चालेल. चेक क्लबच्या नावाने. क्यूआर कोड शेडच्या दारावर आहे. पावती लगेच मिळेल, आयकराची सवलत मात्र नाही. हातभार लावायला येणाऱ्यांनी रविवारी सकाळी 8 वाजता जुने कपडे, हातमोजे आणि मास्क घेऊन यावं, चहा-पाव क्लबकडून. काकांच्या पेटीतलं हत्यार वापरलंत तर पुसून जागेवर ठेवा.

आपला,
चिटणीस, कार्यकारिणीच्या वतीने