पडदा तुलाच रंगवायचाय

वेंगुर्ले,
कार्तिक वद्य

प्रिय बायो,

तुझं पत्र पोचलं. चार पानं भरून लिहिलंयस, पण त्यातली बातमी एकच: रंगांचा डबा माळ्यावर गेला. का, तर मोबाइलवर विशीतल्या पोरांची चित्रं बघून तुझा हात गळाला. अगो, ती पोरं आली होती का तुला विचारायला?

रागावू नकोस. मला हे चांगलं ठाऊक आहे. काजू फॅक्टरीच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानांवर मी मालवणीत संवाद लिहायचे आणि कोणी आलं की वही मिटायचे. ‘असली भाषा लग्नघरात थट्टेला ठीक,’ असं एका शिकलेल्या माणसाने तोंडावर सांगितलं होतं. वाक्य त्याचं, पण वर्षानुवर्षं ते घोकत बसले मी.

सध्या जत्रांचे दिवस. परवा धयकाल्याला, म्हणजे आपल्या दशावतारी नाटकाला, गेले आणि नाटक सुरू व्हायच्या आधीच रंगपटात घुसले. तू असतीस तर तिथून हललीच नसतीस. एकेक जण जमिनीवर बसून, हातात एवढासा आरसा धरून, आपलं तोंड आपणच रंगवत होता. लिहिलेली संहिता नाहीच. आज कुठलं आख्यान लावायचं, कोण कुठल्या प्रसंगाला येणार, एवढं बोलून घेतलं की झालं. संवाद उभ्या उभ्या सुचायचे. मागे एक पडदा, पुढे एक बाकडं. तेच सिंहासन, तोच डोंगर. दिवसा हीच माणसं बागेत नाहीतर रिक्षावर. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ असं आपल्याकडे म्हणतात ते उगीच नाही.

द्रौपदी होणारे एक वयस्कर गृहस्थ काजळ घालत होते. विचारलं, ‘बाबांनू, अजून भीती वाटते?’

‘वाटता गो. पण पेटीवाल्यान सूर धरल्यान की उठूचाच लागता.’

मला त्यांचं हसू आलं, मग स्वतःचं. कारण माझीही गाडी अशीच सुरू झाली होती. भीती काही गेली नाही, फक्त जाऊबाईंना कबूल करून बसले की दर शनिवारी संध्याकाळी दोन पानं वाचून दाखवीन. जाऊबाई म्हणजे काय, तुला माहीत आहेच. बोंबील साफ करता करता ऐकतात, मध्येच जांभई देतात. एकदा म्हणाल्या, ‘ह्या बाबल्याक इतक्या बोलूक कित्याक देतस? तो गप ऱ्हवलो तर जास्त भियान वाटात.’ बाबल्याचं अर्धं भाषण मी काढून टाकलं आणि प्रवेश उभा राहिला. असली टीका पैसे मोजून मिळत नाही. शनिवार जवळ आला की आपली लायकी काय याचा विचार करायला वेळच उरत नाही, लिहावंच लागतं. वाईट लिहिलं तरी जाऊबाईंच्या समोर न्यावं लागतं.

तू एकटीच काढतेस, एकटीच बघतेस आणि एकटीच नापास करतेस. तिथेच सगळं अडलंय, असं मला वाटतं. पिंगुळीची चित्रकथी आठव. ठाकर मंडळींनी ती चित्रं भिंतीवर टांगायला काढलीच नव्हती. रामायण-महाभारतातली कथा गाताना एकेक चित्र समोर धरायचं, ते संपलं की पुढचं. ऐकणारी माणसं समोर बसलेली असायची, त्यांच्यासाठी ते चित्र. त्यांच्यातल्याच परशुराम गंगावणे यांनी गोठ्यात ह्या कलेचं संग्रहालय उभारलं, 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे गोठासुद्धा चालतो. तुझ्या डोंबिवलीच्या फ्लॅटला तर खिडकीही आहे!

आता कामाचं. माघी गणपतीला आमच्या वाडीत माझी एकांकिका आहे. तालमी सुरू झाल्यात, बाबल्या अजून पाठ करत नाही, ते जाऊ दे. मागचा पडदा रंगवायचाय: खाडी, पलीकडे माड, आणि एक मोडकी होडी. कोरं मांजरपाट कापड आणून ठेवलंय, वाडीतल्या पोरांना सांगून टाकलंय की मुंबईची चित्रकार येणार. त्यामुळे आता माझीही इज्जत तुझ्या हातात. पौषात ये. पैसे मिळणार नाहीत, सोलकढी मिळेल आणि जाऊबाईंची टीका फुकट. त्या होडीला नावं ठेवणार हे नक्की, तयारीने ये.

येताना जाडे ब्रश आण, इथे मिळतात ते केस सोडतात. आणि नाही म्हणायचं असेल तर फोन कर, पुन्हा चार पानं लिहू नकोस.

तुझीच,
नंदा