अतुल परचुरे ‘शो फेम’ नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या अंकातली अतुल परचुरे यांच्या निधनाची बातमी वाचली. मथळ्यातच ‘कपिल शर्मा शो फेम’ आणि शेजारी त्याच कार्यक्रमातला फोटो. खाली मालिका आणि हिंदी सिनेमांची यादी, आणि सगळ्यात शेवटी ‘अनेक नाटकांतही त्यांनी भूमिका केल्या’ एवढं एक वाक्य. वाटलं, बातमी उशिरा हाती आली असेल, बुधवारी सविस्तर छापतील. बुधवारी पान निवडणुकीच्या तारखांनी भरलं होतं. ते समजू शकतो. पण आतल्या पानावरही एक ओळ नाही, म्हणून हे पत्र.

‘अनेक नाटकं’ म्हणजे कोणती? ज्याने लहानपणी ‘बजरबट्टू’पासून रंगमंचावर पाय ठेवला, ‘वासूची सासू’, ‘प्रियतमा’, ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’ केलं, ‘व्यक्ती आणि वल्ली’त पु. लं.ची भूमिका करून दाखवली आणि ती खुद्द पु. लं.नी पाहिली, त्या माणसाची नाटकं एका वाक्यात आटोपता येत नाहीत. आणि या सगळ्यात ‘नातीगोती’ तुम्हाला आठवू नये याचं मला जास्त वाईट वाटलं.

मी ते कालिदास कलामंदिरात पाहिलं, नव्वदच्या सुमारास. माझा धाकटा भाऊ जन्मापासून मतिमंद. तेव्हा तो पंधरा-सोळा वर्षांचा होता. अंगाने पुरुष झालेला, पण शर्टाची बटणं आईच लावायची. मिसरूड फुटलं होतं आणि त्याची दाढी कुणी करायची यावरून घरात रोज वाद व्हायचे. तो झाल्यापासून आई नाटकाला म्हणून घराबाहेर पडली नव्हती. शेजारच्या काकूंच्या हातापाया पडून त्याला त्यांच्याकडे ठेवला आणि तिला घेऊन गेलो. नाटकाचा विषय काय, याची चौकशी मी केली नव्हती. जाहिरातीत दिलीप प्रभावळकरांचं नाव वाचलं आणि आईला दोन घटका हसायला मिळेल एवढ्यावर तिकिटं काढली.

बच्चू, म्हणजे परचुरेंनी केलेला नाटकातला मतिमंद मुलगा, रंगमंचावर आला आणि आमच्या मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. ते हसू आम्हाला पाठ होतं. एसटीत, लग्नात, दवाखान्याच्या बाकावर ऐकलेलं. उठावं आणि आईला घेऊन बाहेर पडावं असं मला वाटलं. पण थोड्या वेळाने ते हसू थांबलं आणि पुन्हा आलं नाही. तेव्हा अतुल परचुरे असतील जेमतेम चोवीस-पंचवीस वर्षांचे. लोकांना कीव यावी म्हणून ते काही करत नव्हते. घरात जसा असा मुलगा असतो, तसे ते तिथे होते.

मध्यंतरात आई जागची उठली नाही. पर्सचा बंद तिने बोटाला गुंडाळला होता, इतका घट्ट की बोट पांढरं पडलं होतं. मीच तो सोडवला. रिक्षात बसल्यावरही ती गप्प होती. घर जवळ आलं तेव्हा म्हणाली, “आपल्याकडे येऊन बघून गेला होता का रे हा मुलगा?”

पुढे हाच नट टीव्हीवर घरोघरी पोचला. ‘आर. के. लक्ष्मण की दुनिया’, कपिलचा कार्यक्रम, ‘जागो मोहन प्यारे’, सगळं आमच्याकडे लागायचं. आई पदराला हात पुसत बाहेर यायची आणि धाकट्याला हाक मारायची, “चल, आपला बच्चू लागलाय.” दोघं शेजारी बसून बघायचे. तो टाळ्या वाजवायचा. आई म्हणायची, हा माणूस कुणाला हिणवून हसवत नाही. मला नाटकातलं फारसं कळत नाही, पण ‘नातीगोती’ केलेल्या माणसाला ते जमणारच नाही, एवढं मला कळतं. टीव्हीवरचा त्यांचा विनोद नाटकातून आलेला होता. तुम्ही त्याचं मूळच बातमीतून काढून टाकलंत.

नाशिकच्या आवृत्तीने तर आणखी एक गोष्ट सांगायला हवी होती. यकृताच्या कर्करोगातून उठल्यावर परचुरे ज्या नाटकातून रंगभूमीवर परतणार होते ते ‘सूर्याची पिल्ले’, म्हणजे आपल्या वसंत कानेटकरांचं. एचपीटी कॉलेजात कानेटकर सरांच्या हाताखाली शिकलेले कितीतरी लोक आजही या गावात आहेत आणि तुमचा पेपर घेतात. इतकं दुखणं सोसलेला माणूस पुन्हा नाटक करायला निघाला होता आणि तेही नाशिकच्या नाटककाराचं. याहून मोठी स्थानिक बातमी कोणती असते?

आता विषय निघालाच आहे तर लिहितो. नाटकांच्या जाहिराती पूर्वी ठरलेल्या पानावर, ठरलेल्या कोपऱ्यात असायच्या. हल्ली त्या कधी छोट्या जाहिरातींत, कधी निविदांच्या खाली सापडतात आणि अक्षर इतकं बारीक की भिंग घ्यावं लागतं. गेल्या महिन्यात प्रयोगाची वेळ साडेपाच वाचली ती साडेबारा निघाली. दोन तिकिटं वाया गेली. ज्येष्ठ नागरिकांनीच नाटकं जगवली असं तुमच्या पुरवणीत अधूनमधून छापून येतं, तर त्यांना वाचता येईल असं तरी छापा.

आई आता नाही. धाकटा माझ्याजवळ असतो. मंगळवारी तुमच्या पेपरातला फोटो त्याला दाखवला तर त्याने टाळ्या वाजवल्या. तुमच्या जुन्या संग्रहात ‘नातीगोती’तला परचुरेंचा फोटो असेल तर कृपया छापावा. तोही त्याला दाखवायचा आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
इंदिरानगर, नाशिक